‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकताना

मित्रहो, परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचे म्हटले की व्हिसा, राहण्याची सोय आणि खर्च हे तीन प्रश्न सर्वांत आधी पुढे येतात. त्यांची उत्तरे मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. जर्मनीला जायचे तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात, हे कोणताही सल्लागार तुम्हाला सांगेल. ड्रेस्डेनमध्ये काढलेल्या अडीच वर्षांत माझ्यात जो बदल झाला आणि जो गुणपत्रिकेवर कुठेच उमटलेला नाही, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मी जलविज्ञान शिकायला तिथे गेले. आमचे घर कृष्णाकाठच्या सांगलीच्या गावभागातले, त्यामुळे नदी हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय कधीच नव्हता. अभ्यासात मी हुशार गणली जात होते आणि त्या हुशारीचा एक भाग असा होता की, उत्तर येत नसले तरी मी गप्प उभी राहत नसे. तोंडी परीक्षेत ‘काहीतरी बोल, पण बोल’ हा सल्ला आम्हा सगळ्यांना मिळालेला होता आणि तो उपयोगीही पडत होता. वर्गात ‘समजले का?’ असे विचारल्यावर साठ जणांचा ‘हो सर’ एका सुरात उठायचा. त्या सुरात माझाही आवाज असायचा आणि त्यात आपण काही खोटे बोलतो आहोत असे मला कधी वाटले नाही.

या सवयीला पहिला धक्का बसला तो स्वयंपाकघरात. आम्ही चौघी एका घरात राहत होतो आणि साफसफाईच्या पाळ्यांचा कागद फ्रीजवर लावलेला होता. माझ्या आठवड्यात मी केर काढला, फरशी पुसली, पण ओव्हन आणि शेगडी घासायची असते हे काही मला उमगले नाही. ‘पाळीचा कागद समजला ना?’ असे मला पहिल्याच दिवशी विचारले होते आणि मी मान डोलावली होती. रविवारी सोबतची एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, “या आठवड्यात तुझी पाळी होती आणि शेगडी घासलेली नाही.” खोलीत जाऊन मी रडले. आता ही आपल्याशी अबोला धरणार, असे मी गृहीत धरले होते. त्याच संध्याकाळी तिने दार वाजवले आणि भोपळ्याचे सूप जास्त झाले आहे, जेवायला येतेस का, असे विचारले. चूक दाखवणारे माणूस आपल्यावर रुसलेले असतेच असे नाही, हे वयाच्या तेविसाव्या वर्षी मला त्या सूपाच्या वाटीने शिकवले. ही गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण ती शिकले नसते तर पुढचा प्रसंग मला पेलला नसता.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपल्या प्रदेशातल्या एका नदीविषयी बोलायचे होते. मी अर्थातच कृष्णा निवडली. २००५ च्या महापुराची छायाचित्रे दाखवली आणि हा पूर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडून मागे चढलेल्या पाण्यामुळे आला, असे ठासून सांगितले. लहानपणापासून घरात, पारावर, वर्तमानपत्रांत मी हेच ऐकत आले होते. प्राध्यापकांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या. त्या दिवसांत अलमट्टीची पाणीपातळी किती होती? सांगलीजवळ नदीच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची किती? आणि हा निष्कर्ष तू कशावरून काढलास? मी सवयीने बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. वर्गात बारा देशांतली मुले होती आणि कोणीही हसत नव्हते. अखेर मी म्हणाले, “मला माहीत नाही.” प्राध्यापक म्हणाले, “ठीक आहे. आता इथून सुरुवात करता येईल.” उरलेला वेळ त्यांनी ही आकडेवारी कोणाकडून आणि कशी मागवायची हे समजावण्यात घालवला. पुढे माझा प्रबंधच या विषयाशी जोडला गेला. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला जबाबदार धरले नाही. समितीचे म्हणणे सांगलीत अनेकांना पटलेले नाही, हे मी जाणते. मतभेद असावेत, फक्त आपला आकडा कुठून आला हे प्रत्येकाला सांगता यावे, इतकाच माझा आग्रह आहे.

त्या काळात मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा फार आधार वाटला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला एका मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे आणि त्यातून युरोपीय माणसाचे श्रेष्ठत्व दिसते, अशी त्यांच्या मार्गदर्शकाची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या एकेक करून मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे लिहिले. ज्या संस्थेने पुढे नाझींच्या वंशवादी धोरणाला हातभार लावला, त्या संस्थेत, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर एका तरुण मराठी बाईने हे लिहिले. परदेशातल्या शिक्षणाने माणूस मोठा होतो म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा मी जन्मभर विसरणार नाही. प्रबंधासाठी जमवलेले कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे जुने आकडे माझ्या टेबलावर पसरलेले होते आणि नवे आकडे दर काही तासांनी फोनवर येत होते. सांगलीत साडेतीन तास पुढची वेळ, म्हणजे माझी मध्यरात्र ही बाबांची पहाट. मी त्यांना मावशीकडे विश्रामबागेत जायला सांगितले. ते म्हणाले, “दोन हजार पाचला पाणी पायरीशी थांबले होते. आम्ही माळ्यावर जाऊ.” पूर्वीची मी असते तर एक तर गप्प बसले असते किंवा ‘पाणी येणारच’ असे छातीठोकपणे सांगून वाद घातला असता. मी म्हणाले, “बाबा, किती येईल हे मला खात्रीने माहीत नाही. पण पाणलोटात पाऊस थांबलेला नाही, पातळी अजून चढते आहे, आणि दोन हजार पाचची खूण ही शेवटची खूण आहे असे मानायला माझ्याकडे काही आधार नाही.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. सामान माळ्यावर टाकतो आणि निघतो.” धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या त्या पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या माजघरात ते कमरेच्या वर होते.

ड्रेस्डेनला एल्बे नदी २००२ साली ९.४० मीटरपर्यंत चढली होती. तिथून जवळच्या पिर्ना गावात घरांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या रेघा आणि साल कोरलेले आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात नदी आटली, तेव्हा सीमेपलीकडच्या डेचिनला जाऊन मी दुष्काळातच उघडा पडणारा तो प्रसिद्ध दगडही पाहिला. ‘मला पाहशील तेव्हा रड’ असे त्यावर लिहिलेले आहे आणि त्यावरचे एक साल १६१६ आहे. नदी कुठवर आली आणि कुठवर गेली, हे नंतरच्यांसाठी नेमके लिहून ठेवणारी ती माणसे मला फार जवळची वाटली.

शिक्षण संपवून २०२० च्या सुरुवातीला मी परत आले, तेव्हा माजघराच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग अजून दिसत होता. मी टेपने उंची मोजली, रंगाने रेघ ओढली आणि शेजारी २०१९ लिहिले. बाबांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, बाहेर पायरीपाशी वाकून दुसरी रेघ ओढली आणि २००५ लिहिले. मी विचारले, “नक्की इथेच होते?” ते थोडा वेळ त्या पायरीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि सालाच्या पुढे बारीक अक्षरात लिहिले, ‘अंदाजे’.