गावचं घर आत्ता, या क्षणी, दिसेल का?

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी. कौलारू छपरं, माडांचे शेंडे, चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), पाखाडी.)

पावसानं जोर धरला की मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांच्या घरात गावच्या घराचा विषय निघतोच. कौलं जाग्यावर आहेत का? परसातला माड पडवीवर तर आला नाही ना? आपल्या घराला कुलूप, शेजारच्या घरालाही कुलूप, वाडीत रेंज नाही. मग कुणीतरी मोबाइल उघडतं आणि शोधू लागतं : उपग्रहातून आपलं घर लाइव्ह कसं बघायचं?

उत्तर सुरुवातीलाच देऊ. तसं बघता येत नाही. फुकट नाही आणि पैसे मोजूनही नाही. पण तारीख-वार असलेली जुनी चित्रं मात्र कुणालाही बघता येतात. जमीन, बाग, डोंगर आणि किनारा यांच्याबाबतीत ती फार मोलाची आहेत. ती कुठं मिळतात, त्यांत काय दिसतं आणि कुठं फसगत होते, ते आता पाहू.

(दृश्य : पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह, खाली कोकण किनारा.)

आधी लाइव्ह का नाही ते. घराचं छप्पर ओळखू येईल इतकं बारीक टिपणारे उपग्रह जमिनीपासून पाचशे ते आठशे किलोमीटरवरून फिरतात आणि एका जागी थांबत नाहीत. डहाणूपासून रेडीपर्यंतचा किनारा सरळ रेषेत धरला तर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो. एवढं अंतर असा उपग्रह सव्वा मिनिटाच्या आत ओलांडतो. तुमच्या वाडीच्या वाट्याला त्यातले काही क्षण येतात आणि तेवढ्यात एक चित्र निघतं. काही खासगी उपग्रह एका जागेवर नजर रोखून व्हिडिओही काढतात, पण तो फार तर काही मिनिटांचा असतो.

एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह आहेत, पण ते विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथून तीस सेंटिमीटरची वस्तू वेगळी दिसायची तर दुर्बिणीचा आरसा सत्तर-ऐंशी मीटर व्यासाचा लागेल. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे. अंगणावर चोवीस तास रोखलेला डोळा आज आकाशात नाही, तो याच कारणानं. प्रकाशाचे नियमच तिथं आडवे येतात.

शेजारी वरून आपल्या अंगणात डोकावत असेल, ही धास्तीही अनेकांना असते. बाजारात मिळणारं सर्वांत बारीक चित्र साधारण तीस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे त्यातला एक ठिपका तीस सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद. अंगणात उभा असलेला माणूस वरून दोन-तीन ठिपक्यांत संपतो. चेहरा सोडाच, बाई की बुवा हेही कळत नाही. अंगणात खरोखर डोकावू शकतो तो ड्रोन.

(दृश्य : मोबाइलवर ‘लाइव्ह सॅटेलाइट’ नावाची वेगवेगळी अ‍ॅप्स.)

लाइव्ह घर दाखवण्याचा दावा करणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा तोच नेहमीचा जुना नकाशा दाखवतात आणि वर जाहिराती किंवा महिन्याची वर्गणी. त्यांची परीक्षा सोपी आहे. भर जुलैच्या दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असताना अ‍ॅप उघडा. गावावर लख्ख ऊन आणि भाताच्या खाचरात वाळलेली धसकटं दिसली तर चित्र उन्हाळ्यातलं आहे. रात्री उघडलं तरी दिवसच दिसतो. अशा अ‍ॅपला लोकेशन, संपर्क आणि फोटो बघायची परवानगी देऊ नका. नकाशा दाखवायला तुमची फोनबुक लागत नाही.

आता मुद्द्याचं.

(दृश्य : गूगल अर्थ प्रो. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर बाण.)

संगणकावरचं गूगल अर्थ प्रो २०१५ पासून मोफत आहे. त्यात गाव शोधा आणि वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबा. एक सरकपट्टी येते. ती मागं सरकवली की तीच जागा जुन्या तारखांना दिसू लागते. कोकणातल्या बऱ्याच गावांची दहा-पंधरा वर्षांतली चित्रं अशी मिळतात, मात्र सलग नाहीत. एखाद्या वर्षाची तीन, तर पुढच्या दोन वर्षांचं एकही नाही.

चित्राची तारीख पडद्याच्या तळाला असते. ती वाचताना दोन चुका होतात. पहिली, इंग्रजी सेटिंगवर बहुधा महिना आधी आणि दिवस नंतर येतो. ४/११ म्हणजे चार नोव्हेंबर नव्हे, अकरा एप्रिल. दुसरी चूक अधिक घात करते. पडद्यावरचं चित्र अनेक तुकडे जोडून केलेलं असतं. तुमच्या कलमांच्या बागेवरचा तुकडा एका वर्षाचा आणि गडग्यापलीकडचा दुसऱ्याच वर्षाचा असू शकतो. रंग अचानक बदलतो ती रेषा शोधा आणि दोन्ही बाजूंना बाण नेऊन तारीख तपासा.

(दृश्य : एकाच बागेची दोन चित्रं शेजारी शेजारी. माडांचे शेंडे वेगवेगळ्या दिशांना कललेले.)

हे चित्र नीट बघा. पहिल्यात माडाचा शेंडा आपल्या हद्दीत आहे, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या. माड हलला नाही, उपग्रह वेगळ्या बाजूनं पाहत होता. वीस मीटर उंचीचा माड वीस अंश तिरकस नजरेनं टिपला, तर त्याचा शेंडा बुंध्यापासून सात मीटरांहून अधिक सरकलेला दिसतो. घरांचंही तेच, फक्त कमी प्रमाणात. शिवाय आपली जमीन उताराची. उतारावर चित्र जमिनीला चिकटवताना आणखी काही मीटरांचा फरक पडतो.

त्यामुळं हद्दीचा वाद या चित्रावर सोडवायला जाऊ नका. गडगा दोन मीटर सरकवला की नाही, हे भूमी अभिलेख खात्याची मोजणीच सांगेल. पण २०१४ साली तिथं गडगाच नव्हता आणि २०१९ साली आहे, एवढं चित्र ठामपणे दाखवतं. वाटेचा हक्क, जुनी विहीर, तोडलेली झाडं, पाडलेला मांगर अशा बाबतीत हाच पुरावा मोलाचा ठरतो. तो जपून ठेवायचा तर चित्र साठवताना तळाची तारीख आणि अक्षांश-रेखांश त्यात आलेच पाहिजेत. सगळ्या तारखांना उंची आणि दिशा एकच ठेवा, म्हणजे तुलना होते. प्रकरण न्यायालयात जाणार असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलाच्या मदतीनं वेळेवर करून घ्या. नुसता मोबाइलवरचा स्क्रीनशॉट तिथं टिकणं कठीण.

(दृश्य : कोपर्निकस ब्राउझर. दिनदर्शिकेतून तारखा निवडल्या जात आहेत.)

गूगलचं चित्र बारीक, पण जुनं. ताजं हवं असेल तर बारकावा सोडावा लागतो. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास कोकणावरून जातात. त्यांचं चित्र बहुतेक वेळा एखाद्या दिवसात सगळ्यांसाठी खुलं होतं, फुकट. यातला सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. कोकणी माणसानं हिशेब तेवढाच लक्षात ठेवावा : एक ठिपका, एक गुंठा. तुमचं अख्खं घर एका ठिपक्यात मावतं आणि तो ठिपकाही नेमका घरावर बसत नाही. छप्पर, अंगण आणि फणसाची सावली यांचा मिळून एक रंग होतो. उडालेली कौलं यात दिसणं शक्य नाही.

पण चिरेखाण दिसते, डोंगर कापून काढलेला रस्ता दिसतो. वणवा तर फारच स्पष्ट दिसतो. ही चित्रं दाखवणारं ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ उघडा, गावाचं नाव टाका, सेंटिनेल-२ एल-टू-ए (Sentinel-2 L2A) निवडा, दिनदर्शिकेतून तारीख घ्या आणि ढगांची मर्यादा वीस टक्क्यांवर आणा. ‘ट्रू कलर’ या थरात डोळ्यांना दिसतं तसं चित्र येतं. ताज्या चिरेखाणीचा तांबडा चट्टा त्यात हिरव्या रानात उठून दिसतो. मात्र एक-दोन ठिपक्यांवरून कुणावर आरोप करू नका. आठ-दहा गुंठे तरी उघडे पडलेले दिसू द्या आणि लागोपाठच्या दोन-तीन तारखांना चट्टा वाढतोय का ते बघा.

वणव्यासाठी ‘एसडब्ल्यूआयआर’ (SWIR, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा) हा थर लावा. जिवंत झाडोरा हिरवा दिसतो, जळालेली जमीन तपकिरी-लालसर. मार्च-एप्रिलात सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) वाळलेलं गवत आणि उघडा कातळही असाच तपकिरी दिसतो, तेव्हा एका चित्रावर विसंबू नका. आगीच्या आधीची आणि नंतरची तारीख ‘कम्पेअर’मध्ये टाकून मधली रेघ इकडून तिकडं सरकवा. काजूची बाग जळाली असेल तर तिची कड नेमकी कुठपर्यंत गेली ते दिसतं. नुकसानीच्या पंचनाम्याला जोडायला हे चित्र उपयोगी पडतं. पंचनाम्याची जागा ते घेत नाही.

(दृश्य : समुद्रकिनारा, ओहोटी. ओल्या वाळूवर उभ्या होड्या.)

किनारा खचतोय का, हे बघणाऱ्यांची फसगत भरती-ओहोटी करते. अमेरिकेच्या लॅण्डसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, त्यामुळं दोन सालं शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण सपाट पुळणीवर पाणी तीन मीटर चढलं की पाण्याची रेषा शंभर मीटरही आत येऊ शकते. एक चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं निघालं तर किनारा वाहून गेल्याचा भास होतो. उपग्रह जेव्हा येतो तेव्हा दिवसाच्या त्याच घटकेला येतो, भरती मात्र तिथीप्रमाणं पुढं सरकते. आपल्याकडं पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. म्हणून तुलना करायच्या दोन्ही तारखांची तिथी पंचांगात बघून जुळवा आणि नंतर भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. शक्यतो दोन्ही चित्रं फेब्रुवारी-मार्चमधलीच घ्या. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर ती हळूहळू परत येते, हा फेराही त्यात मिसळायला नको.

(दृश्य : ढगांनी भरलेलं आकाश, मुसळधार पाऊस.)

आता पावसाळा, म्हणजे जेव्हा चित्राची खरी गरज असते तेव्हा. जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांचं छत असतं आणि साध्या कॅमेऱ्याचा कुठलाही उपग्रह, कितीही महागडा असो, त्यातून बघू शकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत मोसमी पाऊसच सुरू झाला. अशा वेळी ढग विरण्याची वाट बघत बसावं लागतं.

ढगांच्या आरपार बघतं ते रडार, कारण ते प्रकाशाऐवजी रेडिओ लहरी वापरतं. युरोपच्याच सेंटिनेल-१ उपग्रहांची रडार चित्रंही त्याच ब्राउझरवर फुकट मिळतात. साचलेलं पाणी त्यांत काळं दिसतं, म्हणून २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरला तसा पूर मोजायला रडार वापरतात. मात्र उपग्रह पुराच्या वेळी वर असेलच असं नाही, आणि आपल्याकडचा पूर काही तासांत ओसरतो. दुसरी अडचण सह्याद्रीची. रडार तिरकस बघतं, त्यामुळं कड्याची पलीकडची बाजू सावलीत जाते आणि तीही काळी दिसते. तिला पाणी समजू नका. उन्हाळ्यातलं रडार चित्र शेजारी ठेवा. तेव्हाही काळं असेल तर ती सावली किंवा बारमाही पाणी.

‘आत्ता’च्या सर्वांत जवळ जातात ते आपले इन्सॅट हे हवामानाचे उपग्रह. भारतीय हवामान विभागाच्या आणि इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळांवर दर अर्ध्या तासाला नवं चित्र येतं. त्यातला सर्वांत बारीक ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे अख्खी वाडी एका ठिपक्यात. घरासाठी त्याचा उपयोग नाही, पण होडी समुद्रात घालायची की नाही हे ठरवताना हवामान विभागाच्या इशाऱ्याबरोबर ते जरूर बघावं. रात्री इन्फ्रारेड (उष्णतेवरून काढलेलं) चित्र उघडा. साधं चित्र तेव्हा काळं असतं.

विकत घेण्याबद्दल थोडक्यात. भारतीय अंतराळ धोरण २०२३ नुसार पाच मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सर्वांना मोफत आहेत. ती इस्रोच्या एनआरएससी या केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावर मिळतात. त्याहून बारीक चित्रांना खासगी ग्राहकाला पैसे पडतात. परदेशी कंपन्यांकडं संग्रहातलं चित्र घेतानाही बहुधा किमान पंचवीस चौरस किलोमीटरचे पैसे भरावे लागतात, आणि उपग्रहाला सांगून नवं काढून घेताना त्याहून मोठ्या क्षेत्राचे. एका घरासाठी हा खर्च करू नये. जुलैत मागणी नोंदवलीत तर हाती ढगच येतील.

(दृश्य : पडवीच्या वाशाला लावलेला कॅमेरा.)

घर आत्ताच बघायचं असेल तर सिमकार्डवर चालणारा कॅमेरा बसवा. तो वळचणीच्या आत, पावसाची झड लागणार नाही असा लावा. पाणी आणि धूळ अडवणारा, आयपी ६६ किंवा त्यावरचा घ्या. सलग चित्रण ठेवू नका. एक मेगाबिट वेगानं दिवसाला जवळजवळ अकरा जीबी डेटा जातो. हालचाल झाली तरच चित्रण, हे सेटिंग पुरेसं आहे. आधी कोणत्या कंपनीची रेंज पडवीत येते ते तिथं उभं राहून तपासा. सोलर पॅनल पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस उपाशी राहतं, म्हणून बॅटरी कंपनी सांगते त्याच्या दुप्पट धरा. खाऱ्या वाऱ्यानं जोड गंजतात, त्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा. रात्रीच्या दिव्यापुढं कोळी जाळं विणतो आणि त्याच्या हालचालीनं रात्रभर इशारे येत राहतात. महिन्यातून एकदा कुणाला तरी काच पुसायला सांगा. आणि छप्पर बघायचं तर अंगणाच्या कडेला खांबावर, छपराकडं तोंड करून आणखी एक कॅमेरा लावा. पडवीतल्या कॅमेऱ्याला चोर दिसतो, कौल दिसत नाही.