भुतांच्या राजाने दिलेले तीन वर

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? ठीक. बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय म्हटलं की लोक जरा सावरून बसतात, 'पथेर पांचाली'तले अपू, दुर्गा, पाऊस, दारिद्र्य, आणि याच माणसाचा जो पिक्चर कलकत्त्यात जवळजवळ वर्षभर थेटरातून उतरला नाही तो भुताखेतांचा आणि गाण्यांचा होता हे सांगितलं की काहींना मी फेकतोय असंच वाटतं. तर तोच, 'गूपी गाइन बाघा बाइन', म्हणजे गाणारा गूपी आणि वाजवणारा बाघा, १९६९ चा.

मूळ गोष्ट रायसाहेबांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. हा माणूस चित्रं काढायचा, छापखाना चालवायचा, व्हायोलिन आणि पखवाज वाजवायचा, मुलांसाठी 'संदेश' मासिक काढायचा आणि त्यातच १९१५ साली ही गोष्ट आली. पुढे ते मासिक बंद पडलं, ते नातवाने १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि मग मुलगा संदीप मागे लागला की तुमचे सगळे पिक्चर मोठ्यांचे, आमच्यासाठी एक करा की. म्हणजे आजोबांची गोष्ट, नातवाचा पिक्चर आणि पणतूची फर्माईश. पटकथा, संवाद, गाणी, चाली, कपड्यांची डिझाइनं, सगळं राय.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण मला बोलायचंय ते वरांबद्दल. गूपी हा आमलकी गावच्या किराणावाल्याचा पोरगा, गळ्यात सूर नाही आणि गायची हौस मात्र दांडगी. गावातले पारावरचे बामन त्याची फिरकी घेतात, म्हणतात जा, पहाटे राजाच्या खिडकीखाली गा, राजा खूश होईल, आणि हा खरंच जातो. राजा तंबोरा फोडतो, गाढवावर बसवून गावाबाहेर काढतो. जंगलात त्याला बाघा भेटतो, दुसऱ्या गावातून असाच हाकललेला ढोलवाला. ही भेट नीट बघा. बाघा झोपलाय, ढोल शेजारी ठेवलाय, बांबूच्या पानांवरून पाण्याचे थेंब त्या ढोलावर पडतायत, टप, टप, आणि त्या आवाजाने गूपी दचकतो. बाघाचा ढोल आपल्याला पहिल्यांदा ऐकू येतो तो असा, बाघाने न वाजवता. इतकी साधी आयडिया, पण सुचायला हवी!

मग रात्री भुतं येतात. साडेसहा मिनिटांचा नाच आहे, एक शब्द नाही. चार जातींची भुतं: राजेरजवाडे, गरीब शेतकरी, साहेब लोक, आणि पोटसुटे बनिये-पाद्री वगैरे. प्रत्येक टोळीला एकेक कर्नाटकी वाद्य, मृदंगम, कंजिरा, घटम, मोरसिंग. साहेबांच्या हालचाली अशा कडक ठेवल्यात की लाकडी बाहुल्या नाचतायत असं वाटावं. आधी प्रत्येक टोळी वेगळी नाचते, मग आपसात मारामारी, आणि शेवटी चारही टोळ्या पडद्यावर चार ओळींत एकावर एक. बंगालचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास घ्या आणि त्यातले सगळे मेलेले नाचवा, तसं आहे ते. मुलांना नुसती भुतं दिसतात, काही बिघडत नाही.

नाच संपला की भुतांचा राजा येतो. आवाज रायांचा स्वतःचा, रेकॉर्ड करून स्पीड वाढवलेला. तो म्हणतो तीन वर मागा. आता माझा मुद्दा.

युरोपात असा वर देणारा बहुतेक वेळा सैतान असतो आणि तो आधी सही घेतो, सैतानाला आत्मा लिहून देणारा फाउस्ट सगळ्यांना माहितीये. आपल्याकडे सही घेत नाहीत, पण आपल्याकडचा वर मागणाराच अतिशहाणा असतो. भस्मासुर बघा, हिरण्यकशिपू बघा, घरात नाही बाहेर नाही, दिवसा नाही रात्री नाही, असं कलमावर कलम घालून वकिली करायची आणि जी फट राहिली त्यातूनच मरायचं. कुठलीही वराची गोष्ट घ्या, ऐकणारा वाट बघत असतो की आता हे अंगाशी कसं येणार. या पिक्चरमध्ये ते येतच नाही. भुतांचा राजा मोबदला मागत नाही, मेख मारून ठेवत नाही, शेवटी हिशोब करायलाही येत नाही. शंभर लेखकांतल्या नव्याण्णवांनी तो आणला असता.

का येत नाही अंगाशी? तर मागितलंय काय ते बघा. पहिला वर, पोटभर खायला मिळावं आणि अंगावर कपडे असावेत. दुसरा, वाटेल तिथे हिंडता यावं, त्यासाठी जोडे मिळतात. आणि तिसऱ्या नंबरला गाणं, की लोकांना आमचं गाणं-वाजवणं आवडावं. आता हे दोघं कलाकार आहेत, गाण्यापायी गावातून हाकललेत, आणि तरी गाणं तिसरं! मला हा क्रम फार खरा वाटतो. स्ट्रगल करणाऱ्या कुठल्याही नटाला, गायकाला रात्री उठवून विचारा, आधी भाडं आणि जेवण, मग कला, फक्त इंटरव्ह्यूमध्ये तो उलटं सांगतो. आणि दोघांनी न मागितलेलं काय, तर प्रसिद्धी नाही, खजिना नाही, ज्या राजाने तंबोरा फोडला त्याचा बदला तर डोक्यातही नाही. राजकन्येशी लग्न व्हावं असं बाघाला फार वाटतं, पण ते वरात नाही, ते पुढे आपापलं जुळवायचं.

दुसरी गोष्ट, हे वर एकट्याला चालतच नाहीत. जेवण हवं तर एकमेकांच्या हातावर टाळी, कुठे जायचं तर जागेचं नाव घेऊन पुन्हा टाळी. गायक आणि ढोलवाला भांडले की दोघंही उपाशी. आणि नाव चुकलं की गेलात भलतीकडे, शुंडी नावाच्या राज्यात गाण्याच्या स्पर्धेला जायचं असतं आणि नाव नीट आठवत नाही म्हणून आधी बर्फात जाऊन कुडकुडतात, मग वाळवंटात. हा गोंधळ पडद्यावर जेमतेम मिनिटभराचा, पण त्यासाठी युनिट बर्फाला सिमल्याकडे आणि वाळूला राजस्थानात गेलं. पैशाची तंगी होतीच. सगळा पिक्चर कलरमध्ये करायचा होता, ते परवडलं नाही, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त शेवटचा भाग रंगीत. रायांना कुठला भुतांचा राजा भेटला नव्हता.

तिसऱ्या वराकडे येतो. तो मिळतो कसा, तर यांचं गाणं सुरू झालं की ऐकणारा जागच्या जागी खिळतो, हात वर असेल तर वरच राहतो, उठता येत नाही, जाता येत नाही. मैफिलीत गायलेल्या माणसाला विचारा, त्याला दुसरं काय हवं असतं? शुंडीच्या दरबारात मोठमोठ्या उस्तादांची स्पर्धा चाललीय, आणि हे दोघं जाऊन म्हणतात आम्ही बंगालची साधी माणसं, आमच्या भाषेशिवाय दुसरी येत नाही, पण सुरांची भाषा येते. गळा अनूप घोषालचा, पडद्यावर तपेन चटर्जी, आणि ढोलावर रवी घोष, ज्याच्या नुसत्या डोळ्यांकडे बघत बसलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.

आणि मग युद्ध. हल्ला नावाचं दुसरं राज्य शुंडीवर चालून जायच्या तयारीत आहे. या हल्लाचा राजा मुळात साधा माणूस, त्याचा मंत्री त्याला जादूगाराचं औषध पाजून खुनशी करतो. शुंडीचा आणि हल्लाचा, दोन्ही राजे संतोष दत्तच. मंत्री कायम काहीतरी चघळत असतो आणि सैनिक इतके उपाशी की उठून उभं राहायची ताकद नाही. शेवटी फौज निघते, तेव्हा गूपी-बाघा समोर उभे राहून गातात आणि फौज थिजते. हा झाला तिसरा वर. मग टाळी, आणि आभाळातून मिठाईची मडकी खाली यायला लागतात, हा पहिला. सैनिक हत्यारं टाकून मडक्यांकडे धावतात आणि त्या गडबडीत हे दोघं राजाला धरून शुंडीला पसार, हा दुसरा. तिन्ही वर काही मिनिटांत वापरून लढाई रद्द, कोणी मेलं नाही. स्वतःसाठी मागितलेली भाकरी अख्ख्या फौजेला पुरली, आणि ते कोणी भाषण करून सांगत नाही.

पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ते सोडा. १९८० मध्ये दुसरा भाग आला, 'हीरक राजार देशे', त्यात हे दोघं राजांचे जावई होऊन बसलेत आणि नुसतं सुख खाऊन कंटाळलेत. मग निघतात आणि सापडतात एका हुकूमशहाच्या राज्यात, जिथे माणसांचे मेंदू धुवायचं यंत्र आहे. इमर्जन्सी संपून तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. तिथे खजिन्याची किल्ली काढायचीय आणि राखणीला चक्क वाघ. पहिल्या भागात वर मिळायच्या आधी जंगलात वाघ दिसला तेव्हा दोघं लटपटत होते, आता वर आहे, गाणं म्हटलं की वाघ खिळणार हे पक्कं माहितीये, आणि तरी गूपी गातो ते वाघमामाच्या पाया पडतच, आणि किल्ली काढायला पुढे जावं लागतं बिचाऱ्या बाघाला. रवी घोषचा चेहरा बघा तेव्हा. चला, प्रश्न असतील तर विचारा.