मँडोलिनच्या साध्या स्टील तारा: ब्रँड बदलला की नक्की काय बदलतं?

नमस्कार. मँडोलिनवर तारांच्या चार जोड्या असतात: जी, डी, ए आणि सगळ्यात उंच सुराची ई. आज फक्त ई आणि ए या दोन जोड्यांबद्दल बोलू. जी आणि डी या गुंडाळलेल्या तारा. तिथे ब्रॉंझ, निकेल, चपटी गुंडाळी असे ठळक फरक असतात. ई आणि ए म्हणजे नुसती पोलादी तार, वर पातळ मुलामा आणि टोकाला अडकवायचा फास, म्हणजे लूप. तरीही "अमुक कंपनीची ई गोड, तमुक कंपनीची कर्कश" असं ठामपणे सांगितलं जातं. ते कितपत खरं, हे घरी तपासता येतं.

आधी पाकिटावरचा जाडीचा आकडा वाचा. डॅडारिओ कंपनीच्या ईजे ७३ या लाइट, म्हणजे बारीक तारांच्या संचात ई ०.०१० इंचाची आणि ए ०.०१४ ची असते. त्यांच्याच ईजे ७४ या मीडियम संचात ०.०११ आणि ०.०१५. साधारण ३५२ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) मँडोलिनवर सुरात लावलेल्या ०.०१० च्या ई तारेवर सुमारे ८.८ किलोचा ताण येतो, ०.०११ वर १०.६ किलोचा. कंपनी एकच, पण एका तारेमागे जवळजवळ दोन किलोचा फरक, कारण ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे एका कंपनीचा लाइट संच काढून दुसऱ्या कंपनीचा मीडियम चढवला, तर वाढलेला आवाज मुख्यतः जाडीचा असतो. श्रेय ब्रँडला मिळतं.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. जाडी, लांबी आणि सूर सारखे असतील तर ताणही सारखाच, कारण पोलादाची घनता कंपनीगणिक बदलत नाही. एखादी तार बोटाला मऊ लागली तर मायक्रोमीटर काढा. ०.०११ इंच म्हणजे ०.२७९ मिलिमीटर, इथे प्लास्टिकचा व्हर्नियर निरुपयोगी आहे. तारेवर तीन ठिकाणी मोजा आणि प्रत्येक ठिकाणी तार पाव वळसा फिरवून पुन्हा मोजा. आकडे हलत असतील तर तार एकसारखी गोल नाही. अशी तार मोकळी सुरात लागते, पण बाराव्या फ्रेटवर जोडीदाराशी जुळत नाही आणि आवाज लहरतो. माझ्या मते ब्रँडची खरी परीक्षा इथे आहे: दहा पाकिटं घेतली तर दहाही सारखी निघतात का?

(मँडोलिन कॅमेऱ्यासमोर)

आता ऐकून बघू. मँडोलिनवर याची सोय आयतीच आहे, कारण प्रत्येक सुराला दोन तारा आहेत. ई जोडीत एक तार एका ब्रँडची लावा, दुसरी दुसऱ्याची. जाडी तीच, दोन्ही नव्या. एका वेळी एकच तार काढायची. सगळ्या एकदम सैल केल्या तर ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, जागेवरून सरकतो, कारण तो चिकटवलेला नसतो. दोन्ही सुरात लावा, एक बोटाने दाबून गप्प करा आणि दुसरी वाजवा. पिक तोच, आघाताची जागा तीच. फोन ३० सेंटिमीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. मग तारांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा रेकॉर्ड करा. ही पायरी गाळू नका, नाहीतर नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेतला किंवा ब्रिजवरचा फरक तुम्ही तारेच्या नावावर लिहाल.

सुटी लूपवाली तार मिळाली नाही तर गिटारची ०.०११ ची सुटी साधी तार चालते. तिच्या टोकाचा पितळी गोळा पक्कडीने आडवा दाबून काढायचा, की लूप उरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, गोळा जोरात उडतो. डॅडारिओ आणि अर्नी बॉल या दोघांच्या साध्या तारा कथलाचा मुलामा दिलेल्या उच्च कार्बन पोलादाच्या आहेत. ताज्या अवस्थेत या दोघांत आवाजाचा मोठा फरक शोधायला जाऊ नका.

फरक पडतो तो पुढे, गंजात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत आणि घामाच्या हातांत तर लवकरच. एलिक्सर कंपनीच्या पाकिटावर ज्या नॅनोवेबचा गाजावाजा असतो, ते आवरण गुंडाळलेल्या तारांवर असतं. त्यांच्या साध्या तारांना गंजरोधक धातूचा मुलामा असतो. जादा पैसे मोजताना हे माहीत असावं. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारेची खालची बाजूही पुसा. गंज तिथेच आधी धरतो.

आता तुटण्याबद्दल. "ई सारखी तुटते, जाड घेऊ का?" नको. जाडी वाढली की ताण वाढतो, पण तारेचा छेदही तितकाच वाढतो, म्हणून ज्या सुरापर्यंत चढवल्यावर तार तुटते, तो सूर जवळपास तोच राहतो. तुटलेलं टोक बघा. नटपाशी तुटली असेल तर खाच अरुंद किंवा धारदार आहे. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड तपासा. लूपच्या पिळापाशी तुटत असेल आणि टेलपीसचा, म्हणजे लूप जिथे अडकवतात त्या पट्टीचा, हूक गुळगुळीत असेल, तरच कंपनीवर संशय घ्या. पिळाची पद्धत कंपनीगणिक खरोखर वेगळी असते.

सतारीसाठी मिळणारी जर्मन रोजलाऊ तारही उत्तम पोलाद आहे. पण बाजाची, म्हणजे सतारीची मुख्य वाजवायची तार सहसा ०.३० मिलिमीटरची असते. ई म्हणून लावली तर ताण ०.०११ पेक्षा सुमारे १५ टक्के जास्त, म्हणजे १२ किलोच्या वर. जुन्या, नाजूक मँडोलिनवर ती नको.

चाचणी झाली की जोडीतल्या दोन्ही तारा पुन्हा एकाच पाकिटातल्या लावा. आणि ए ची जाडी ०.०१४ वरून ०.०१६ वर नेली असेल तर बारावा फ्रेट ट्यूनरवर तपासा. दाबलेला सूर चढा दाखवत असेल तर तारा थोड्या सैल करून त्या बाजूने ब्रिज टेलपीसकडे केसभर सरकवा, पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा तपासा.