चेहऱ्यावरची हिरवी सावली

नमस्कार. जळगावातील एका समकालीन चित्रप्रदर्शनात मी एका स्त्रीच्या व्यक्तिचित्रासमोर उभा असताना शेजारच्या आजोबांनी हळूच विचारले, "बाईचा चेहरा हिरवा का केला असेल?" प्रश्न रास्त आहे आणि आजचा व्हिडिओ त्याच प्रश्नासाठी आहे.

चित्रातील बाई पन्नाशीची असावी. पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे आणि डोळे उन्हातून नुकतेच सावलीत आल्यासारखे बारीक झाले आहेत. कपाळावर व गालाच्या उंचवट्यावर नारिंगी-तांबडा रंग पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट सुरीने, इतका जाड थापला आहे की, बाजूने पाहिल्यास त्याच्या कडा उभ्या दिसतात. गालाखालची सावली मात्र काळी किंवा तपकिरी नसून हिरवी आहे. हिरवा हा लाल रंगाचा विरोधी रंग असल्यामुळे त्याच्या शेजारी तांबडी त्वचा अधिक तापलेली भासते. काळ्या सावलीने चेहऱ्याला फक्त गोलाई आली असती.

1905 साली पॅरिसच्या 'सालों दोतोन' या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस यांनी पत्नी आमेली यांचे 'टोपी घातलेली स्त्री' हे चित्र मांडले, तेव्हा त्यातील नाकाकपाळावरचा हिरवा रंग पाहून प्रेक्षक हसले होते, आणि त्या दालनातील चित्रकारांना समीक्षक लुई व्होसेल यांनी 'फोव्ह', म्हणजे हिंस्र श्वापदे, म्हटले होते.

खानदेशातल्या माणसाला याहून जवळचा दाखला आहे. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' ही, पती नंद भिक्षू झाल्याचे कळून कोसळणारी सुंदरी मानली जाते. तिथे सारे दुःख कललेल्या मानेत, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांत आणि गळून गेलेल्या हातापायांत आहे. हुबेहूब चेहऱ्याची आपली अपेक्षा त्या भिंतीसमोर आपोआप गळते, असा माझा अनुभव आहे.

आजोबांना मी दहा पावले मागे येण्याची विनंती केली. तिथून रंगांचे तुकडे एकमेकांत मिसळले, आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, "कापूस वेचून आलेली दिसते."

हात मात्र चित्रकाराने चार-पाच फटकाऱ्यांत सोडून दिले आहेत, आणि ते मला मनापासून खटकले. नजर चेहऱ्यावर खिळावी म्हणून तसे केले असेल हे मी समजू शकतो. परंतु वेचणी करणाऱ्या बाईची बोंडांनी ओरखडलेली बोटे तिच्या चेहऱ्याइतकीच बोलतात, म्हणून तिथेही तो जाड, तांबडा रंग यायला हवा होता.