हवा मोजायची कशी?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, फिरून आलेली मंडळी पंचवटीत चहाला टेकली की दोन प्रश्न हमखास निघतात. 'या वेळी हवा कोणाची?' आणि 'काल रात्री त्या मालिकेत काय दाखवलं हो?' दुसरा प्रश्न फक्त बायका विचारतात, असा एक समज आहे. कुठल्याही टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं की तो गळून पडतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरंही ठरलेली असतात: 'सगळे तेच म्हणतायत' किंवा 'कोण बघतं आता ते!' या 'सगळे'मध्ये आणि 'कोण'मध्ये एक आकडा दडलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो आदल्या रात्री टीव्हीवरूनच आलेला असतो. तो आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसतो, ते आज बघू.

मिसळीच्या पातेल्यापासून सुरुवात करू. रश्शात मीठ बरोबर आहे का, हे बघायला सगळं पातेलं प्यावं लागत नाही. एक चमचा पुरतो. पातेलं घरातलं असो की लग्नातलं, चमचा तेवढाच लागतो. अट एकच, आधी तळापासून ढवळायचं. न ढवळता वरचा चमचा घेतला तर तोंडात नुसती तर्री येते, आणि चाखणारा खात्रीनं सांगतो की रस्सा जहाल झालाय. सर्वेक्षण, एक्झिट पोल आणि टीआरपी या तिन्हींचं गणित हेच आहे. चमचा लहान असल्याची चूक मोजता येते. न ढवळल्याची चूक मोजता येत नाही, आणि गोची तिथेच होते.

आधी मोजता येणारी चूक. नीट निवडलेल्या ४०० लोकांना विचारलं तर उत्तर साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ११०० लोकांना विचारलं तर ३ टक्के. ती १ टक्क्यावर आणायची तर १० हजार लोक लागतात. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, आणि खर्चही त्याच पटीत वाढतो. म्हणून ११०० जणांच्या सर्वेक्षणात एकाला ४२ आणि दुसऱ्याला ३९ टक्के दिसले, तर पहिला पुढे आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पडद्यावर मात्र ४२ वाल्याच्या फोटोभोवती सोनेरी चौकट येते.

आता जागांकडे या. विधानसभेच्या २८८ जागा. समजा एखाद्या संस्थेनं राज्यभर २८,८०० मतदारांना विचारलं. आकडा ऐकायला भारदस्त आहे, पण मतदारसंघामागे ते १०० लोक झाले. १०० लोकांवर चूक १० टक्क्यांची. एवढ्या चमच्यानं 'नाशिक मध्यमध्ये अमुक येणार' असं सांगताच येत नाही. म्हणून या संस्था जागा मोजत नाहीत, बांधतात. मागच्या निवडणुकीची मतं घ्यायची, या वेळी विभागात मतं किती टक्के सरकली ते काढायचं, आणि तेवढी प्रत्येक जागेवर सरकवायची. बंडखोर उभा आहे का, मतं कोण खाणार, हे त्यात अंदाजानंच येतं. २०२४ च्या विधानसभेला आपल्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. १६२ मतं पकडणारा चमचा अजून कुणी घडवलेला नाही.

दिंडोरीचं उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. २०२४ च्या लोकसभेला तिथे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्यांचे उमेदवार भास्कर भगरे निवडून आले. पण त्याच मतपत्रिकेवर भगरे आडनावाचा एक अपक्षही होता, आणि त्याचं चिन्ह होतं ट्रम्पेट. आपण त्याला पिपाणी म्हणतो, पण निवडणूक आयोगाच्या यादीत मराठी नाव 'तुतारी' असंच होतं. त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. आता सर्वेक्षणवाल्यानं दारात विचारलं असतं, 'मत कुणाला?' तर उत्तर आलं असतं 'तुतारीला'. वहीत काय लिहायचं? माणूस खरं बोलतोय, नोंदणाराही प्रामाणिक आहे, तरी आकडा चुकणार.

एक्झिट पोल कसा होतो तेही सांगतो. काही केंद्रं निवडतात. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी दर अमुकाव्या माणसाला थांबवून विचारतात, किंवा चिठ्ठीवर खूण करून डब्यात टाकायला सांगतात. बिघाड होतो तो नकार देणाऱ्यांमुळे. दर दहाव्या माणसाला विचारायचं ठरलेलं असतं, दहावा मान हलवून निघून जातो, मग अकरावा धरतात. हा अकरावा बोलका असतो. ज्याचा पक्ष जोरात आहे तो मोठ्यानं सांगतो. घाबरलेला, किंवा गल्लीतल्या कार्यकर्त्याची नजर असलेला, एक तर गप्प बसतो नाहीतर समोरच्याला आवडेल ते बोलतो. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या वतीनं तिचा नवराच उत्तर देतो, हेही ठिकठिकाणी होतं. तर्री वर तरंगते ती अशी.

लोकसभेचं मतदान संपलं ती १ जून २०२४ ची संध्याकाळ आठवा. बहुतेक एक्झिट पोलनी केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या. ४ जूनला त्या २९३ निघाल्या. यात एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. चमचे नुसते लहान असते, तर काहींचा आकडा जास्त आणि काहींचा कमी यायला हवा होता. इथे जवळजवळ सगळेच एका बाजूला चुकले. म्हणजे दोष संख्येत नव्हता, ढवळण्यात होता. दहा वाहिन्यांवर एकच आकडा दिसला की आपल्याला वाटतं, दहा साक्षीदार मिळाले. दहाही जणांनी वरचाच रस्सा घेतला असेल, तर तो एकच साक्षीदार धरायचा.

महापालिकेला तर आणखी गुंता. नाशिकच्या २०१७ च्या निवडणुकीत ३१ प्रभाग होते आणि १२२ नगरसेवक. २९ प्रभाग चार जणांचे, दोन तीन जणांचे. चार बटणं दाबायची. सिडकोतला माणूस तीन मतं एका पक्षाला आणि चौथं शेजारच्या ओळखीच्या उमेदवाराला देऊन मोकळा होतो. 'तुम्ही कुणाला मत दिलं?' या प्रश्नाला त्याच्याकडे एक उत्तरच नसतं.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांना कायदा थोडा आहे. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर जनमत चाचणी दाखवता येत नाही. एक्झिट पोल तर पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंद. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ क, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्यामुळे मतदानाच्या दिवशी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक वाहिनीचा एक्झिट पोल' आला, तर तो खोटा की खरा हा विचारच करू नका. खरा असता तर वाहिनी अडचणीत आली असती. अशा चित्रांत जोडाक्षरं मोडलेली असतात, तारखेची पट्टी कापलेली असते, आणि किती लोकांना विचारलं ते कुठेच नसतं.

आता मालिका. टीआरपी मोजते बार्क ही संस्था. तिचे आकडे २०१५ पासून येतात. पद्धत मजेशीर आहे. वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळते. निवडलेल्या घरात टीव्हीजवळ मीटर असतं, ते ही खूण ओळखून कुठली वाहिनी लागली आहे ते नोंदवतं. घरातल्या प्रत्येकाला छोट्या रिमोटवर स्वतःचं बटण असतं. समोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. २०२० च्या सुमाराला देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरं होती आणि मीटरची घरं ४४ हजारांच्या आसपास. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. त्यामुळे 'आमच्या ओळखीत कुणाकडे मीटर नाही, म्हणजे टीआरपी थापा आहे' हा युक्तिवाद टिकत नाही. मीटर कुणाकडे आहे हे गुप्तच ठेवायचं असतं.

टिकणारे आक्षेप वेगळे आहेत. आजोबा बटण न दाबता डुलकी काढतात. पोळ्या लाटताना टीव्ही नुसता ऐकण्यासाठी चालू असतो. मोबाईलवर दुसऱ्या दिवशी बसमध्ये पाहिलेला भाग टीआरपीत येत नाही. सेट-टॉप बॉक्स सुरू केल्यावर जी वाहिनी आपोआप लागते, त्या जागेसाठी पैसे मोजले जातात. रिमोट सापडेपर्यंतची ती मिनिटंही वाहिनीच्या आकड्याला हातभार लावू शकतात. तुमच्या घरी आधी कोणती वाहिनी उघडते, ते आज बघा. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कमी प्रेक्षकांच्या बातम्यांच्या वाहिन्या. मालिका हजारो मीटरवर दिसते, पण लहान वृत्तवाहिनीचा आकडा मूठभर घरांवर उभा असतो. ती घरं फितवली की क्रमांक बदलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका असाच आरोप केला. बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये परत आले, तेव्हा चार आठवड्यांची सरासरी म्हणून. कारण चार आठवडे एकत्र केले की चमचा मोठा होतो.

आठवडा शनिवार ते शुक्रवार मोजतात, आकडे गुरुवारी येतात. 'या मालिकेला काही कथाच उरली नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा हा गुरुवार लक्षात घ्यावा. कथा आठवड्याच्या हप्त्यानं लिहिली जाते. आकडा पडला की हरवलेली बहीण परत येते, स्मृती जाते, रविवारी तासाभराचा महाएपिसोड लागतो. जाहिरातींचा नियम तासाला १२ मिनिटांचा आहे: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं वाहिनीची स्वतःची. यावर वाहिन्या न्यायालयात गेल्या, तो भाग वेगळा. अर्ध्या तासात नियमानं २४ मिनिटं उरतात. त्यातून शीर्षकगीत, कालचा सारांश आणि उद्याची झलक वजा करा. एकाच थपडेवर पाच चेहरे तीन-तीनदा का फिरतात, ते कळेल. घरात मुलांना स्टॉपवॉच देऊन मोजायला लावा. गणिताचा बरा सराव होतो.

चर्चेच्या कार्यक्रमांबद्दल फार बोलत नाही. ते स्वस्त पडतात म्हणून असतात. गाडी आणि कॅमेरामन गावोगाव पाठवण्यापेक्षा सहा खिडक्यांत सहा प्रवक्ते बसवणं परवडतं. पट्टीवरचं वाक्य प्रश्नचिन्हानं संपलं, तर वाहिनीकडे विधान करण्याइतका पुरावा नाही असं समजावं.

कांद्याच्या बातमीवर मात्र नाशिककरानं बोलायलाच हवं. लासलगाव बाजार समितीचा भाव रोज तीन आकड्यांत येतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण, तोही क्विंटलचा. समजा किमान ५००, कमाल १८००, सर्वसाधारण १३००. 'कांदा कडाडला' म्हणायचं तर १८०० उचलायचा, 'बळीराजा उद्ध्वस्त' म्हणायचं तर ५००. दोन्ही बातम्या खऱ्या आणि दोन्ही तर्रीच्या. ट्रॅक्टर कोणत्या भावानं रिकामे झाले ते १३०० मध्ये कळतं. शिवाय उन्हाळ कांदा की लाल, हे न सांगता 'गेल्या वर्षीपेक्षा' म्हणणाऱ्या बातमीला अर्थ नाही. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, महिनोन्‌महिने टिकतो, लाल टिकत नाही. आणि 'कांद्यानं रडवलं' हे शीर्षक नेहमी घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं. या तीन तारखा एका ओळीत ठेवल्या की निफाड-येवल्याच्या बांधावर कसली हवा होती, हे समजायला चर्चेच्या सहा खिडक्या लागत नाहीत.

शेवटी तक्रारीचं. टीव्हीवर काही धडधडीत चुकीचं किंवा आक्षेपार्ह दिसलं, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहून उपयोग नाही. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा, आणि वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे २४ तासांत पोच मिळाली पाहिजे आणि १५ दिवसांत निर्णय. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सभासद आहे तिच्याकडे अपील करता येतं. ही मुदत विसरली जाते आणि प्रकरण तिथेच संपतं. म्हणून तक्रार पाठवली त्याच दिवशी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पंधरावा दिवस गोल करून ठेवा.

नमस्कार.