लाल किटली आणि कोरं बिल

नमस्कार श्रोतेहो. गाडी बंद पडली की आपण खाली उतरतो, बोनेट उघडतो आणि आत बघत उभे राहतो. आतलं ओ की ठो कळत नसतं, तरी बघतो. मीही असाच उभा होतो, एका चढाच्या रस्त्याच्या कडेला. आज ती गोष्ट सांगायची आहे. पण आधी कामाचं थोडं उरकून घेतो.

डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चित्र असतं. बरेच जण समजतात, तेल कमी झालं की ते लागतं. तसं नाही. ते लागतं तेलाचा दाब पडला की. इंजिनाच्या तळाचं चेंबर तेलानं भरलेलं असेल, पण तेल वर पोचतच नसेल, तरी ते लागणार. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल ना, तर एकेक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. आणि खाली पिस्टननी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामध्ये असतो तेलाचा नुसता पापुद्रा, केसाहून कितीतरी बारीक. तो गेला की लोखंडाला लोखंड घासतं आणि इंजिन जाम. म्हणून लाल किटली दिसली की गाडी बाजूला, इंजिन बंद. ‘जवळच तर आहे, नेऊ हळूहळू’ असं म्हणायचं नाही. इंजिन बंद.

तापमानाचा काटा चढला तरी तेच. आता काटा म्हणतोय मी, पण हल्ली कित्येक गाड्यांतून काटाच गायब झालाय. गाणी बदलायला हातभर पडदा आहे, तापमान सांगायला मात्र एक इवलासा दिवा, आणि तो लागतो तेव्हा पाणी उकळायला आलेलं असतं. काटा निदान चढताना दिसायचा. असो. आणि गाडीत आवाज फार मोठा ठेवू नका, इंजिन काय बोलतंय ते ऐकू येत नाही. रेडिओवाल्यानं हे सांगावं म्हणजे जरा कठीणच.

तर गोष्ट. गाडीला तिसरं वर्ष चालू, ३८,००० किलोमीटर झालेले. वॉरंटी वर्षांनी संपलेली नाही, किलोमीटरनीही नाही. दोन्हींतलं जे आधी संपेल तिथे ती संपते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चढावर आधी बारीक टिकटिक, मग किटली. मी दहा-वीस सेकंदांत गाडी बंद केली, पण तेवढ्यात टिकटिकीची खडखड झाली होती. टोचन करून सर्व्हिस सेंटरला नेली.

दुसऱ्या दिवशी फोन. “साहेब, इंजिनकाम निघालंय. वॉरंटीत बसणार नाही. तुम्ही तेल बदललेलं नाही.” त्यांच्या कॉम्प्युटरवर शेवटची सर्व्हिस २०,००० ला. दर १०,००० ला तेल बदलायचं, म्हणजे १८,००० किलोमीटर मी जुन्याच तेलावर गाडी हाणली, असा हिशोब. त्या माणसाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, समोर दिसलं ते त्यानं सांगितलं. पण मी तेल बदललं होतं! प्रवासात होतो, सर्व्हिसची वेळ झाली, वाटेतल्या एका गॅरेजमध्ये फिल्टरसकट बदलून घेतलं. बिलही घेतलं. ते गाडीच्या कप्प्यातच होतं.

कप्पा उघडला. बिल निघालं. कोरं! मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद उन्हानं तापून पार उडालेला. उजेडाकडे धरून बघितला, तिरका करून बघितला. एक अक्षर नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्याकडे असा बघत होता, की घरून पांढरा कागद फाडून आणलाय जणू.

तेव्हा मला एकच सुचलं. म्हटलं, नाकारताय ना, मग कारण जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या कागदावर, लिहून द्या. आणि इंजिन माझ्यासमोर उघडायचं, काढलेला एकही पार्ट फेकायचा नाही. हे लिहिल्याशिवाय सही करणार नाही. बरीच हो-नाही झाली, पण लिहिलं.

गाडी लिफ्टवर चढली. तेल सोडलं. काळं होतं, पण पाण्यासारखं पळालं. १८,००० किलोमीटरचा गाळ असा पळत नाही. मग तिथला पोरगा फिल्टर काढायला गेला. फिल्टरवर काळा थर बसलेला. हात सटकतोय म्हणून त्यानं फडक्यानं तो पुसला आणि थांबला. “सर, इथं काहीतरी लिहिलंय.” मार्करनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत तारीख, आणि खाली आकडा: २९,८६०.

पुढचं मग भराभर झालं. चेंबर उतरवलं तर तेल ओढणाऱ्या जाळीवर सुकलेल्या डिंकासारख्या रबरी दोऱ्या. चेंबर चिकटवायला लावतात तो सीलंट, जास्तीचा लागून आत सुटलेला. त्याआधी ते चेंबर कुणी उघडलेलंच नव्हतं, म्हणजे तो कारखान्यातलाच. जाळी तुंबली, तेल वर गेलं नाही, बेअरिंग गेलं. आठवड्यानं कंपनीचा इंजिनिअर येऊन फोटो काढून गेला. महिन्याभरात अर्धं इंजिन नवं बसलं. तेल, कूलंट, फिल्टरचे पैसे मी दिले. ते वॉरंटीत धरत नाहीत, त्यावर भांडलो नाही.

वेळ थोडा उरलाय. वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, झिजेला नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला, तर तो वॉरंटीचा नाही, विम्याचा विषय, आणि तिथेही स्टार्टर का मारलात म्हणून वाद होतो. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर कुठले पार्ट धरलेत ती यादी वाचा. कव्हरवर ‘संपूर्ण’ लिहिलेलं असलं तरी वाचा. बाहेर तेल बदललंत तर बिलावर किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड, पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर तोच, लिहून घ्या. त्याच दिवशी बिलाचा फोटो काढा. पुन्हा सांगतो, त्याच दिवशी. आणि क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, इंजिन खोलायच्या आधी मागा. एकदा खोललं आणि पार्ट भंगारात गेले, की तुमच्या बाजूनं बोलायला काही उरत नाही.

नंतर मी त्या वाटेतल्या गॅरेजवाल्याला आभार मानायला फोन केला. त्याला ना मी आठवत होतो, ना गाडी. म्हटलं, अहो, तुम्ही फिल्टरवर तारीख लिहिली होती. तर म्हणाला, “मी सगळ्यांवरच लिहितो.”

नमस्कार.