उलटी हजेरी

नमस्कार श्रोतेहो.

मी एका शाळेत इतिहास शिकवते आणि नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. सकाळी पहिल्या तासाला हजेरी घ्यायची, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. एक, दोन, तीन... ‘हजर मॅडम’, ‘हजर’, कुणी नुसताच हात वर करतो. मध्येच एखाद्या नंबरला उत्तर येत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘गावाला गेलाय, मॅडम!’ आपण लाल पेनाने फुली मारतो आणि पुढे जातो.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, तो या हजेरीमुळेच माझ्या डोक्यातून जात नाही. सिनेमा जपानी, नाव ‘बॅटल रोयाल’. दिग्दर्शक किंजी फुकासाकू. जपानमध्ये तो १६ डिसेंबर २००० रोजी लागला. सिनेमा मोठ्यांचा आहे, रेडिओजवळ मुलंही बसली असतील, म्हणून रक्तपाताबद्दल बेतानंच बोलेन.

गोष्ट अशी. नजीकच्या काळातला जपान. पडद्यावर सुरुवातीलाच मजकूर येतो: बेकारी पंधरा टक्क्यांवर, एक कोटी लोक कामाविना, आठ लाख विद्यार्थ्यांचा शाळेवर बहिष्कार. मोठी माणसं मुलांना घाबरायला लागलेली. या भीतीपोटी सरकार एक कायदा करतं. सहलीला निघालेल्या एका वर्गाला बसमध्येच गुंगी देऊन निर्जन केलेल्या बेटावर नेलं जातं. बेचाळीस मुलं, वय चौदा-पंधरा. प्रत्येकाच्या गळ्यात एक धातूचा पट्टा. मुदत तीन दिवस. शेवटी एकच जण उरला पाहिजे. एकापेक्षा जास्त उरले, तर सगळ्यांचेच पट्टे फुटणार. नियम समजावून सांगायला कोण? त्यांचाच जुना वर्गशिक्षक! ही भूमिका ताकेशी कितानो यांनी केली आहे आणि पात्राचं नावही कितानोच.

आणि हे नियम समजतात कसे, तर वर्गात टीव्ही लावून. टीव्हीवर एक हसतमुख ताई येते, लाडिक आवाजात, अगदी पाककृती सांगावी तशी, एकमेकांना कसं मारायचं ते सांगते. आमच्या ट्रेनिंगच्या सीडीतल्या बाई अशाच बोलायच्या, त्यामुळे मला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

प्रत्येकाला एक पिशवी मिळते. आत पाणी, खाणं, नकाशा आणि एक हत्यार. हत्यार नशिबावर. कुणाला मशीनगन, कुणाला कुऱ्हाड. नायक शुया नानाहारा, त्याला मिळतं पातेल्याचं झाकण. त्याच्याबरोबर असते नोरिको, तिला दुर्बीण. सगळ्यात क्रूर ठरणाऱ्या किरियामा नावाच्या मुलाला मिळतो कागदी पंखा. अर्थात तो पंख्यावर थांबत नाही, दुसऱ्यांची हत्यारं त्यांच्याच हातून काढून घेतो.

आणि हजेरी. एखादं मूल मेलं की पडद्यावर अक्षरं उमटतात: मुलगा क्रमांक अमुक, नाव तमुक, मृत, शिल्लक इतके. पटावरचे नंबर तसेच, फक्त मोजणी उलटी. शुया मुलांमध्ये पंधरावा, नोरिको मुलींमध्ये पंधरावी. खेळ सुरू व्हायच्या आधी वर्गातच दोन नंबर कमी झालेले असतात, त्यातला एक कुजबुजल्याबद्दल. वर्गात कुजबुजणाऱ्यांना खडू फेकून मारणारे मास्तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. इथे मास्तर सुरी फेकतात.

आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमून सिनेमा बघतो. मागे हा लावला होता. वीसपंचवीस माणसं. संपल्यावर चहाच्या टेबलाशी जी जुंपली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक अर्ध्यातूनच उठले. दारातून म्हणाले, ‘असलं दाखवायचं असतं का? पोरांच्या हातात सुऱ्या देऊन करमणूक?’ आणि चपला घालून गेले. हा आक्षेप जुना आहे आणि खुद्द जपानमध्ये तो थेट संसदेत पोचला होता. कोकी इशिई नावाच्या खासदारांनी सिनेमा येण्याआधीच प्रश्न उपस्थित केला होता. काळही तसाच होता. १९९७ मध्ये कोबे शहरात लहान मुलांच्या हत्येबद्दल चौदा वर्षांचा मुलगा पकडला गेला होता, मे २००० मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने प्रवासी बस पळवून नेली होती. आणि सिनेमा लागायच्या काही दिवस आधी, नोव्हेंबरमध्ये, बालगुन्हेगारांवर खटला भरण्याचं वय सोळावरून चौदावर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली. म्हणजे ‘मोठी माणसं मुलांना घाबरून कायदा करतात’ हे सिनेमातलं वाक्य बाहेर जवळजवळ शब्दशः चाललं होतं! सिनेमाला पंधरा वर्षांखालच्यांना बंदीचं प्रमाणपत्र मिळालं. पडद्यावर मरणाऱ्या मुलांच्या वयाची बरीचशी मुलं अशानं थिएटरबाहेर राहिली. फुकासाकूंना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांना तो त्याच मुलांसाठी करायचा होता. बाकी संसदेतल्या आरडाओरड्याने व्हायचं तेच झालं, तिकिटाच्या खिडकीवर रांगा लागल्या.

मुख्याध्यापक सरांचं मला पूर्ण चूक वाटत नाही. काही मरणं केवळ नजर खिळवायला घेतली आहेत आणि ती तशी दिसतात. पण करमणूक हा शब्द मला पटला नाही, आणि त्याचं कारण दिग्दर्शकाचं वय.

हा सिनेमा केला तेव्हा फुकासाकू सत्तर वर्षांचे होते. मी इतिहासाची बाई, मला हे तपासल्याशिवाय राहवलं नाही. जन्म १९३०, मितो शहरातला. १९४५ साली ते पंधरा वर्षांचे होते, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांहून जेमतेम वर्षभराने मोठे, आणि शाळेऐवजी दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेले. समुद्रावरून तोफांचा मारा झाला. पळायला जागा नाही. जीव वाचवायला मुलं एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती. मारा थांबल्यावर जे वाचले, त्यांच्यावर सोबत्यांचे देह गोळा करायचं काम आलं. सरकार युद्धाबद्दल जे जे सांगत होतं ते खोटं होतं, हे तिथे कळलं आणि मोठ्या माणसांबद्दलचा राग कायमचा मनात बसला, असं ते पुढे सांगत राहिले. पटकथा त्यांच्या मुलाने, केंता फुकासाकूने लिहिली. मूळ कादंबरी कोशुन ताकामी यांची, १९९९ची. तीही आधी एका भयकथा स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत जाऊन नाकारली गेली होती.

हे कळल्यावर मी सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी मला त्या बेटावर तो कारखाना दिसत राहिला.

आमच्यातली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, इतकी पात्रं, नाव कळेपर्यंत ते मेलेलं! कुणासाठी रडायचं?’ अडचण खरी आहे. पुढे २००१ मध्ये काही प्रसंग जोडून लांबवलेली आवृत्ती निघाली, त्यात वर्गाचा बास्केटबॉलचा सामना आहे, मित्सुको नावाच्या मुलीचं भीषण बालपण आहे. काहींना ती जास्त आवडते. मला मूळची. मुलं ओळखीची होण्याआधीच जातात, हेच त्यात झोंबतं. बातमीतल्या आकड्यांची आपली ओळख कुठे झालेली असते?

इस्पितळात अपघात विभागात काम केलेल्या एक सिस्टर आमच्यात आहेत. त्या चहात बिस्कीट बुडवत शांतपणे म्हणाल्या, ‘मरताना माणसं एवढं बोलत नाहीत हो.’ सगळे हसले. पण त्यांनी नेमकं पकडलं होतं. इथे गोळ्या लागलेली मुलं मनातलं प्रेम सांगतात, कबुल्या देतात, मैत्रिणीला ‘तू छान दिसतेस’ म्हणतात. एक जण तर मेला असं वाटत असताना मोबाइल वाजला म्हणून उठतो, बोलतो, बिस्कीट खातो आणि मग पुन्हा पडतो! कोण ते सांगत नाही. अर्धा हॉल हसला, अर्धा गप्प. चौदाव्या वर्षी आवडत्या मुलाशी बोलायला तोंड उघडत नाही, हे मी रोज बघते. या मुलांचं तोंड उघडतं तेव्हा वेळ संपलेली असते. सिस्टरांना हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असेल.’ पटलेलं दिसलं नाही.

आता एक प्रसंग जरा थांबून सांगते, कारण तो आवाजाचा आहे आणि आपण रेडिओवर आहोत. दोन मुली टेकडीवर चढतात. हातात मेगाफोन. सगळ्यांना हाका मारतात: भांडू नका, इकडे या, मिळून काहीतरी मार्ग काढू. बेटभर लपलेली मुलं ऐकतात, आणि कुणी हलत नाही. हलतो एकच, किरियामा. तो दोघींना गोळ्या घालतो. मग विव्हळणाऱ्या मुलीच्या तोंडाशी तोच मेगाफोन धरतो. मघाशी ज्यातून ‘या’ ऐकू आलं, त्यातूनच आता तिचं कण्हणं बेटभर पोचतं. या प्रसंगात रक्तापेक्षा आवाज सोसवत नाही. आणि दर सहा तासांनी कितानो मास्तर लाउडस्पीकरवर युरोपातलं भारदस्त संगीत लावून मेलेल्यांची नावं वाचतात, जणू सकाळचं बातमीपत्र! वीसेक वर्षं अधूनमधून या मायक्रोफोनसमोर बसते आहे, त्या दिवसापासून त्याच्याकडे जरा वेगळं बघते.

पण सगळ्यात जास्त वाद झाला तो दीपगृहावरून. काही मैत्रिणी दीपगृहात आसरा घेतात. जखमी शुयाला त्यांनी आत झोपवलेलं असतं. स्वयंपाक चाललाय, हसणंखिदळणं आहे, बेटावर पहिल्यांदाच घरासारखं काहीतरी. एका मुलीला शुयाबद्दल संशय असतो. ती त्याच्या ताटलीत विष घालते. ती ताटली खाते दुसरीच. ती कोसळते आणि क्षणात प्रत्येकीला प्रत्येकीवर संशय. काही मिनिटांत सगळं संपतं. उरते ती विष घालणारी, आणि तिलाही मग जगायचं नसतं.

मुख्याध्यापक सर इथेच उठले होते. एक आई म्हणाल्या, ‘मैत्रिणी इतक्या पटकन उलटणारच नाहीत, हे खोटं आहे.’ त्यांच्याच मुलाने, तो अकरावीत असेल, मान न वळवता सांगितलं, ‘आई, वर्गाच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला की याहून कमी वेळ लागतो.’ मी काही बोलले नाही. माझ्या तुकडीत गेल्या वर्षी एका चोरलेल्या पेनावरून चार जिवलग मैत्रिणींचे चार बाक झाले होते आणि पेन सापडलं ते पाचव्याच एका मुलीच्या दप्तरात. त्या चौघींच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं, एवढंच.

त्या मुलानेच मला आणखी एक गंमत ऐकवली. म्हणाला, ‘हा पिक्चर पबजीवरून काढलाय ना?’ उलट आहे रे बाबा! तो खेळ रचणाऱ्या ब्रेंडन ग्रीनने या सिनेमावरूनच कल्पना घेतली. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये मोबाइलवरच्या पबजीवर बंदी आली, तोवर गल्लीगल्लीत कट्ट्यावर मान खाली घालून बसलेली पोरं ‘झोन येतोय, पळ’ म्हणून ओरडायची. तो आकसत जाणारा झोन म्हणजे सिनेमातले, घोषणा करून बंद केले जाणारे बेटाचे भाग. थांबलात तर पट्टा फुटणार. आणि खेळातला तो प्रसिद्ध तवा आठवतो? मला त्यात शुयाचं झाकण दिसतं. ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या दिग्दर्शकानेही आपल्या प्रेरणांमध्ये ‘बॅटल रोयाल’चं नाव घेतलं आहे. हॉलिवूडच्या टॅरन्टिनोसारख्या दिग्दर्शकाने आपल्या सगळ्यात आवडत्या सिनेमांत याला वरचं स्थान दिलं. एवढं होऊन अमेरिकेत याच्या अधिकृत डीव्हीडी यायला २०१२ उजाडलं. तिथे कोलंबाइनच्या शाळेतला गोळीबार १९९९ मध्येच झाला होता, त्यामुळे वर्गातल्या बंदुकांना हात लावायला कुणी धजत नव्हतं, असं सांगतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. सिनेमात कावादा नावाचा एक मोठा दिसणारा मुलगा आहे, शुया आणि नोरिकोला सांभाळणारा. ते काम करणारे तारो यामामोतो २०१३ साली खासदार झाले. ज्या संसदेत सिनेमावर बंदीची भाषा झाली, तिथेच!

मला स्वतःला विचाराल तर पंचविशीत हा पाहिला असता तर मी शुयाबरोबर पळाले असते. आता पन्नाशीत नजर कितानो मास्तरांवर जाते. पोरांनी त्यांना कधी मान दिला नाही, एकाने तर शाळेतच सुरीने वार केला, घरी मुलगी फोनवर धड बोलत नाही. असा माणूस हातात सत्ता आली की काय करतो, ते बघताना मी खुर्चीत जरा आखडून बसले होते. वर्ग शांत बसत नाही म्हणून चिडलेली वर्गशिक्षिका कशी दिसते, ते मला माहीत आहे.

त्या रात्री साडेदहाला मुख्याध्यापक सरांचा फोन आला. आधी पाच मिनिटं त्यांनी मला झापलं. मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, ‘बाई, त्या झाकणवाल्या पोराचं पुढे काय झालं?’

मी म्हटलं, ‘सांगू?’

‘नको,’ ते म्हणाले. ‘ती डिस्क उद्या घरी पाठवून द्या. आणि हिला कळू देऊ नका.’

नमस्कार.